सारखी सर्दी होते, काढा घेतला की जाते, परत येते: गडबड कुठे आहे ते कसं शोधायचं

महिना-दीड महिना गेला की परत नाक गळायला लागतं. मग आलं, मध, हळद, वाफ सगळं यथासांग होतं, आठवड्याभरात बरं वाटतं, थोडे दिवस चांगले जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ही तक्रार इतकी कॉमन आहे की कुणालाही सांगा, समोरच्याकडे एक हमखास काढा तयारच असतो. काढ्याशी माझं भांडण नाहीये, पण सर्दीवर काय घेऊ हा नंतरचा प्रश्न झाला, आधी ही सर्दीच आहे का ते बघायला हवं आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. सारखी सर्दी होते म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना सर्दी झालेलीच नसते, कुणाला ॲलर्जी असते, कुणाला नाक मोकळं करायच्या ड्रॉप्सची सवय लागलेली असते, कुणाच्या नाकाचा पडदा वाकडा असतो, आणि हे सगळे वर्षानुवर्षं सर्दीचे उपाय करत बसतात. म्हणून इथे तपासणी आधी आणि उपाय नंतर.

खरंच जास्त वेळा होते का?

मोठ्या माणसाला वर्षातून २ ते ३ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे. लहान मुलांना ६ ते ८ वेळा होते आणि नुकतंच पाळणाघरात किंवा शाळेत जायला लागलेल्या मुलाला त्याहूनही जास्त. आता ८ सर्द्या, एकेक आठ-दहा दिवसांची, आणि त्या काय वर्षभर सारख्या वाटून येत नाहीत, काही ठरावीक महिन्यांतच गर्दी करून येतात, त्यामुळे त्या महिन्यांत पोराचं नाक कोरडं कधी दिसलंच नाही असं आईबापाला वाटणारच. पण मधल्या काळात मूल नीट खेळतंय, जेवतंय, वजन वाढतंय, तर ‘इम्युनिटी कमी आहे’ म्हणून पावडरी आणि सिरपं आणायची काही गरज नाही.

परत परत का होते याचं कारण अगदी साधं आहे. सर्दी हा एक आजार नाहीच मुळी, २०० हून जास्त व्हायरस मिळून जो प्रकार करतात त्याला आपण एकच नाव दिलंय. त्यातला सगळ्यात मोठा गट रायनोव्हायरसचा आणि त्याचेच १६० च्या वर प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध शरीर तयार झालं की पुढच्या प्रकाराला त्याचा फारसा उपयोग नसतो. सर्दीची लस अजून आली नाही त्याचं एक मोठं कारण हेच.

तिसऱ्या दिवसाचा घोळ

खऱ्या सर्दीची एक चाल असते. व्हायरस शिरल्यावर एक ते तीन दिवसांत घसा खवखवतो, मग शिंका आणि पाण्यासारखं नाक, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट अवस्था, मग शेंबूड घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो, चौथ्या-पाचव्या दिवसापासून उतार आणि सात ते दहा दिवसांत माणूस मोकळा. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, तेवढ्यानं घाबरायचं नाही.

आता गंमत बघा. माणूस पहिला दिवस अंगावर काढतो, दुसऱ्या दिवशी आलं-मध घेतो, तिसऱ्या दिवशी एकदम बेजार होतो आणि मग कुणीतरी सांगितलेला जालीम उपाय करतो. चौथ्या दिवशी बरं वाटतं. श्रेय कुणाला? जालीम उपायाला. तो उपाय मग घराण्यात कायमचा बसतो आणि बिचारं आलं-मध नापास. खरं म्हणजे तिसऱ्या दिवशी काहीही केलं असतं तरी चौथ्या दिवशी उतार पडायचाच होता. अँटिबायोटिकचं पण असंच नाव झालंय, व्हायरसवर ते चालतच नाही पण तिसऱ्या दिवशी सुरू केलं की ‘मला तर त्याशिवाय बरंच वाटत नाही’ असं माणूस शपथेवर सांगतो.

आणि शेंबूड हिरवा झाला म्हणजे बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालं असंही नाही. संसर्गाशी लढायला नाकात पांढऱ्या पेशी जमा होतात, त्यांच्यात लोह असलेलं एक हिरवं एन्झाइम असतं, रंग त्याचा असतो. साध्या सर्दीतही तो रंग येतो आणि जातो.

तर तुमची ‘सर्दी’ या चालीने चालते का ते बघा. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पाणीच गळतंय, घट्ट होतच नाही, किंवा तीन-चार आठवडे एकाच पातळीवर आहे, किंवा सकाळी जोरदार आणि दुपारी गायब, तर ही सर्दी नव्हे. पुढे वाचा.

ॲलर्जी असेल तर

ओळख अशी: एकामागोमाग शिंकांची माळ लागते, नाक आणि डोळे खाजतात, टाळूलाही खाज येते, नाकातून स्वच्छ पाणी येतं, ताप कधीच नसतो, अंग दुखत नाही. खाज हा यातला सगळ्यात मोठा पुरावा, सर्दीत नाक चुरचुरतं पण खाजून खाजून लाल होत नाही. मुलं तर तळहाताने नाक खालून वर असं सारखं चोळतात आणि त्याने नाकाच्या मधोमध आडवी रेघ पडते, ती दिसली की बहुतेक निदान झालंच समजा. घरात कुणाला दमा, इसब किंवा अशीच ‘जुनी सर्दी’ असेल तर शंका अजून पक्की.

दुसरं, वेळ आणि जागा बघायची. उठल्याउठल्या शिंका येतात आणि घराबाहेर पडल्यावर तासाभरात थांबतात? मग संशय गादी-उशीवर. घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, ते आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात, आणि त्यांना सगळ्यात आवडती जागा म्हणजे आपलं अंथरूण, उबदार आणि दमट. त्रास किड्याच्या चावण्याने होत नाही, त्याच्या विष्ठेतल्या प्रोटीनने होतो, आणि ते उशीत तोंड खुपसून आपण रात्रभर हुंगत असतो. त्यावर तुळशीचा काढा काय करणार सांगा. इथे उपाय म्हणजे चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० डिग्रीच्या आसपासच्या गरम पाण्यात धुणं, नुसत्या गार पाण्याने ॲलर्जीचा मळ बराच निघतो पण किडे मरत नाहीत. गादी-उशीला बारीक विणीची झिपवाली कव्हरं, बेडरूममधून गालिचा आणि मऊ खेळणी बाहेर, खोलीत ओल साठू न देणं, आणि झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणं, कारण झाडताना जी धूळ उडते ती झाडणाऱ्याच्याच नाकात जाते. यातलं एकच करून फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नका, सगळं मिळून करायचं असतं. खारट पाण्याने नाक धुणं ॲलर्जीतही कामाला येतं, ते खाली नीट सांगितलंय. एवढं करूनही नाही जमलं तर डॉक्टरांकडे चांगले स्प्रे असतात, रोज वापरायचे, आणि त्यांना घाबरायचं कारण नाही.

खाज नाही, ताप नाही, पण अत्तराचा वास, उदबत्तीचा धूर, एसीतून बाहेर येणं किंवा तिखट गरम जेवण एवढ्यानं नाक गळायला लागतं? ते ॲलर्जीतही बसत नाही, नाकाच्या नसा जास्त संवेदनशील असल्या की असं होतं. ते कारण टाळणं हाच मुख्य उपाय.

ड्रॉप्सची सवय

हा भाग जरा जास्त लिहिते, कारण यात अडकलेली माणसं खूप आणि ती सांगत नाहीत, ड्रॉप्सना ती औषधात धरतच नाहीत.

नाक चोंदतं तेव्हा आपल्याला वाटतं आत शेंबूड भरलाय, म्हणून आपण जीव खाऊन शिंकरतो आणि काहीच निघत नाही. निघणार कुठून? बऱ्याचदा ते बंद असतं आतल्या सुजेने. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसल घड्या असतात, त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या फुगल्या की वाट बंद. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे ड्रॉप्स या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून मिनिटाभरात नाक फट्कन मोकळं होतं आणि माणसाला स्वर्ग दिसतो. पण असर उतरला की रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग परत ड्रॉप्स. तीन ते पाच दिवसांच्या वर हे चाललं की सर्दी केव्हाच गेलेली असते आणि नाक फक्त ड्रॉप्समुळे बंद राहतं. उशीखाली बाटली ठेवून झोपणारा माणूस घरात असेल तर त्याच्या ‘जुन्या सर्दी’चं कारण ती बाटलीच असायची शक्यता मोठी आहे.

सोडवायचं कसं? एक जुनी युक्ती आहे, आधी एकाच नाकपुडीत बंद करायचे, दुसरीत चालू ठेवायचे, म्हणजे रात्री श्वासाला एक बाजू तरी राहते, पहिली बाजू सुधारली की दुसरी सोडायची. सोबत खारट पाणी. पहिले काही दिवस वाईट जातात, त्याला इलाज नाही. महिनोन्महिने सवय असेल तर डॉक्टरांना सांगूनच सोडा, ते मधल्या काळासाठी वेगळा स्प्रे देतात.

एक गोष्ट लक्षात असू द्या, निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी पूर्ण मोकळ्या नसतात. दर काही तासांनी आलटून पालटून एक बाजू थोडी फुगते आणि दुसरी उघडते, हे आपोआप चालू असतं. कुशीवर झोपलं की खालची बाजू बंद होते, कूस बदलली की तीही बदलते. हा आजार नाही, यावर काही टाकू नका.

नेहमी एकच बाजू

कूस बदलली तरी नेहमी उजवीच किंवा नेहमी डावीच बंद असेल तर मधला पडदा वाकडा किंवा आत पॉलिप, म्हणजे मऊ गाठ, असू शकतो, कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना एकदा दाखवून टाका. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर त्याने आत काहीतरी घातलंय असंच धरून चाला, मणी, शेंगदाणा, खोडरबराचा तुकडा, काहीही. आणि ते बटणासारखं बारकं बॅटरीचं सेल असेल तर ती इमर्जन्सी आहे, काही तासांत आतलं जळतं. तोंड उघडं टाकून झोपणारं आणि रोज घोरणारं मूल असेल तर नाकाच्या मागच्या ॲडेनॉइड गाठी वाढल्यात का ते बघायला हवं. डोक्याला मार लागल्यानंतर एका बाजूने पाण्यासारखं स्वच्छ, खारट काहीतरी ठिबकत असेल तर त्याला सर्दी म्हणत घरी बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल.

बरं, हे सगळं बघून झालं आणि सर्दी ती सर्दीच निघाली. आता घरचे उपाय.

खारट पाणी, माझ्या मते नंबर एक

याला ना चव ना वास ना आजीची गोष्ट, म्हणून लोकांना ते उपायच वाटत नाही. पण घरच्या घरी नाकासाठी करता येण्यासारखं यापेक्षा चांगलं मला काही माहीत नाही. प्रमाण एक लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे पाव लिटरला साधारण सव्वादोन ग्रॅम, सपाट छोट्या चमच्याने मोजलं तर पाव आणि अर्धा चमचा यांच्या मधे कुठेतरी. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर चुरचुरत नाही. मीठ कमी पडलं तरी झोंबतं आणि जास्त झालं तरी झोंबतं, पोहताना नाकात पाणी गेल्यावर जी कळ जाते ती कमी मिठाचीच.

पाणी मात्र उकळून गार केलेलंच पाहिजे. खळखळून उकळी आल्यावर कमीत कमी एक मिनिट, २००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं. हे मी नुसतं स्वच्छतेचं म्हणून सांगत नाहीये. नळाच्या पाण्यात क्वचित नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो, तो पोटात गेला तर काही होत नाही पण नाकातून मेंदूत गेला तर माणूस जवळपास वाचत नाही. अतिशय दुर्मिळ आहे, पण टाळायला फक्त पाणी उकळायचंय, मग कशाला रिस्क.

बेसिनवर पुढे वाकायचं, डोकं एका बाजूला कलतं, तोंड उघडं आणि श्वास तोंडानेच. वरच्या नाकपुडीत नेती पात्राची चोच किंवा पिळायच्या बाटलीचं टोक टेकवून कोमट पाणी हळूहळू सोडायचं. पहिल्यांदा काहीच होत नाही, थोडं घशात उतरतं, खोकला येतो, माणूस सोडून देतो. डोकं थोडं अजून पुढे घ्या आणि ‘आऽ’ म्हणत राहा, घशाची वाट बंद होते आणि पाणी खालच्या नाकपुडीतून धारेने बाहेर पडतं, सोबत चिकट दोऱ्यासारखं काय काय येतं ते बघून घ्या आणि आपल्याला श्वास घेता कसा येत होता याचं नवल करा. मग दुसरी बाजू. झालं की पुढे वाकून एकेक नाकपुडी हलक्या हाताने मोकळी करायची, दोन्ही दाबून जोरात शिंकरायचं नाही, त्या दाबाने शेंबूड सायनसमध्ये, म्हणजे गाल-कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्यांत, मागे ढकलला जातो. कान ठणकत असेल किंवा नाक दोन्हीकडून ठार बंद असेल तर त्या दिवशी धुऊ नका. पात्र रोज धुवून वाळवायचं, उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. तान्ह्या बाळाला असं धुवायचं नसतं, त्याला सलाईनचे तयार थेंब टाकून मग शेंबूड ओढून घ्यायचा, दूध पाजायच्या आधी केलं तर ते नीट पितं.

बाकीच्यांचा हिशोब

मध: रात्रीच्या खोकल्याला खरंच चांगला. २००७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात झोपायच्या आधी मध दिलेल्या मुलांचा खोकला काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा कमी झाला आणि झोपही बरी लागली. एक छोटा चमचा, झोपायच्या अर्धा तास आधी, नंतर दात घासून. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायचासुद्धा नाही. त्यात एका बॅक्टेरियाचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते काही करत नाहीत पण बाळाच्या आतड्यात रुजून बॉट्युलिझम होतो आणि बाळ लुळं पडतं. गरम केल्याने किंवा चांगल्या प्रतीचा मध आणल्याने हा धोका जात नाही. डायबेटिस असेल तर मध म्हणजे साखरच, हे लक्षात ठेवा.

गरम पेय: आलं घाला, लिंबू घाला, गवती चहा घाला, सूप प्या, नुसतं गरम पाणी प्या. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफला सर्दी झालेल्या लोकांना एकच सरबत कुणाला गरम आणि कुणाला साध्या तापमानाचं दिलं, तर मशीनवर मोजलेली नाकातली हवा कुणाचीच वाढली नव्हती पण गरमवाल्यांना घसा, शिंका, खोकला, थकवा सगळ्यात आराम वाटला. मला यात काही वावगं वाटत नाही, आराम वाटणं हाच तर आपला हेतू आहे. आल्याचा घसा शेकल्यासारखा झणझणीतपणा आवडत असेल तर बिनधास्त घाला.

काढा: इथे जरा हात आवरा. काळी मिरी, दालचिनी, सुंठ, लवंग, ज्येष्ठमध असं सगळं कडक उकळून दिवसातून चार वेळा प्यायलं की सर्दी जायच्या आधी ॲसिडिटी येते. ज्येष्ठमधाने ब्लडप्रेशर वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, बीपीच्या किंवा हृदयाच्या पेशंटनी ते टाळलेलंच बरं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हळद, आलं, लसूण स्वयंपाकात असतं तेवढंच ठीक, चमच्याने किंवा कॅप्सूलने नको.

हळदीचं दूध: प्या, झोप छान लागते. हळदीने सर्दी लवकर जाते याला दाखवण्यासारखा पुरावा नाही आणि हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं. दुधाने कफ वाढतो म्हणून बंद करायचंही कारण नाही, दुधाने लाळ थोडी घट्ट होते आणि घशाला चिकट वाटतं, शेंबूड वाढत नाही.

वाफ: हिच्यावरून घरोघरी वाद. बरं वाटतं हे खरं, पण सर्दी लवकर जाते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि भाजण्याचे प्रकार इतके होतात की मुलांसाठी मी तरी स्पष्ट नाही म्हणेन. मांडीवर किंवा स्टुलावर उकळत्या पाण्याचं पातेलं, वर टॉवेल, आत वळवळणारं पोर, आणि एका धक्क्यात सगळं पाणी मांड्यांवर. मुलासाठी बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून दार लावून दहा मिनिटं त्याला घेऊन बसा, तेवढं पुरे. मोठ्यांनी घ्यायची तर पातेलं टेबलावर स्थिर ठेवून, गॅसवर असताना नाही. पाण्यात काय टाकलं याने फरक पडत नाही, गार वाटतं ते मेंथॉलने. मेंथॉल नाकातल्या थंडी जाणवणाऱ्या नसांना फसवतं, हवा तेवढीच जाते पण जास्त जातेय असं वाटतं. झोपताना तेवढी फसवणूक चालते. कापूर आणि मेंथॉलचा बाम दोन वर्षांच्या आतल्या मुलाला लावू नका, कुणाच्याही नाकपुडीत आतून लावू नका, आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात, त्यामुळे डबी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

नाकात तेल: मोहरीचं असो, बदामाचं असो की तुपाचे थेंब असोत, बाळाच्या नाकात तर नकोच नको. तेल घशाला खवखवत नाही म्हणून खोकला येत नाही, ते गुपचूप फुफ्फुसात उतरतं आणि त्याचा न्यूमोनिया होतो, तो बरा व्हायलाही खूप वेळ लागतो.

मिठाच्या गुळण्या: घसा दुखत असेल तर दिवसातून तीन-चार वेळा. त्यातही साध्या पाण्याला कमी समजू नका, २००५ च्या एका जपानी अभ्यासात रोज साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना सर्दी ३६ टक्के कमी झाली आणि आयोडिनच्या औषधी गुळण्यांनी मात्र तसा फरक पडला नाही.

व्हिटॅमिन सी: लायनस पॉलिंग या दोनदा नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये हे डोक्यात घातलं ते अजून निघालेलं नाही. नंतरच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा असं दिसलं की रोज गोळी घेऊन सर्दी व्हायची थांबत नाही, मोठ्यांत तिचा काळ सुमारे ८ टक्के कमी होतो, म्हणजे दहा दिवसांत एका दिवसापेक्षाही कमी फायदा. सर्दी झाल्यावर सुरू करून तर भरवशाचा उपयोग नाहीच. झिंकच्या चघळायच्या गोळ्या पहिल्या दिवशी सुरू केल्या तर काही जणांना थोडा फायदा होतो, तोंडाची चव जाते आणि मळमळतं हेही खरं. नाकात घालायचं झिंक मात्र कुठेही मिळालं तरी घेऊ नका, त्याने वास येणं कायमचं जाऊ शकतं, २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने तसा इशारा दिला होता.

या यादीत लोक झोप धरत नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेत धडधाकट लोकांच्या नाकात मुद्दाम रायनोव्हायरस सोडला होता, त्याआधी आठवडाभर त्यांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली होती. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायचं प्रमाण सात तासांच्या वर झोपणाऱ्यांच्या चौपट निघालं. रोज रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल आणि सकाळी इम्युनिटीची पावडर, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

परत लागू नये म्हणून

व्हायरस हाताने नाकापर्यंत जातो. दाराची कडी, फोन, लिफ्टचं बटण, मग तोच हात डोळ्याला किंवा नाकाला. रायनोव्हायरस हातावर काही तास टिकतो. साबणाने वीस सेकंद हात धुणं हे इतकं बोअरिंग आहे की कुणी करत नाही, पण घरात एकाला झाली की सगळ्यांना होते ती साखळी इथेच तुटते. रुमाल खिशात ठेवून दिवसभर तोच वापरला की हात परत परत भरतात, त्यापेक्षा टिश्यू वापरून लगेच टाका. टॉवेल वेगळा ठेवा. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर मुलांची सर्दी आणि कान दुखणं दोन्ही वाढतं, बाल्कनीत जाऊन ओढली तरी कपड्यांवर धूर येतोच.

घरचे उपाय बंद करून डॉक्टरकडे कधी

दहा दिवस झाले तरी काडीचा उतार नाही. किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटायला लागलं होतं आणि मग एकदम ताप आला, गाल-कपाळ ठणकायला लागलं, ही उलटलेली सर्दी सायनसच्या बॅक्टेरियाची असू शकते. तीन दिवसांच्या वर ताप, कान दुखणं, छातीत घरघर, धाप, डोळ्याभोवती सूज. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री किंवा जास्त ताप आला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी. बाळाच्या फासळ्या श्वासाबरोबर आत ओढल्या जात असतील, ओठ निळे दिसत असतील किंवा ते दूध पीत नसेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. दमा असलेल्याने सर्दीत पंप हाताशी ठेवावा, पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागायला लागला तर दाखवावं.

सर्दीच्या तयार गोळ्या घेत असाल तर पाकिटावरची नावं वाचा, बहुतेकांत पॅरासिटामॉल असतंच, वर तापाची वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट होतो, आणि मोठ्या माणसाचीही दिवसाची मर्यादा ४ ग्रॅम आहे. मुलांना ॲस्पिरिन द्यायची नाही. मोठ्यांच्या सर्दीच्या गोळीचा अर्धा तुकडा करून मुलाला देणं हा तर उपायच नव्हे.

आणि वारंवार होते म्हणून डॉक्टरकडे जाणारच असाल तर ‘सारखी सर्दी असते’ एवढंच सांगू नका, त्यातून त्यांना काही कळत नाही. कधी सुरू होते, किती दिवस टिकते, कोणती बाजू, खाज आहे का, ताप मोजला होता का, घरातल्या अजून कुणाला झाली होती का, सुट्टीत दुसरीकडे झोपल्यावर बरं वाटतं का, हे फोनमध्ये लिहून न्या. घरात दुसऱ्या कुणालाच कधी लागत नाही अशी सर्दी बहुतेक ॲलर्जीच असते. ड्रॉप्सची बाटली आणि काढ्याचं पाकीट दोन्ही सोबत न्या, विचारलं नाही तरी टेबलावर ठेवा.